यंत्र गेलं, खेळ राहिला

सप्टेंबर २०११ मध्ये तमिळनाडू सरकारनं सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. तंजावरचं राजा सरफोजी सरकारी महाविद्यालय हे अशा महाविद्यालयांपैकीच एक. सुरुवातीच्या लॅपटॉपवर विंडोज होतं आणि जोडीला बॉस लिनक्सही होतं. समजा, तिथल्या एका मुलानं थोरल्या भावाच्या जुन्या सीडीवरून 'डेंजरस डेव्ह' हा खेळ त्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. फाइल शंभर किलोबाइटच्या आतली. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटोसुद्धा तिच्या कितीतरी पट मोठा असतो. लॅपटॉपची ताकद तर विचारूच नका. भावाच्या शाळेतल्या संगणकापेक्षा तो हजारो पटींनी वेगवान.

मुलगा फाइलवर दोनदा क्लिक करतो आणि खेळ चालत नाही.

विंडोज ३२-बिटांचं असेल, तर व्हिस्टा किंवा सेव्हनवर संदेश येतो की या यंत्रणेवर पूर्ण पडद्याची पद्धत चालत नाही. ६४-बिटांचं असेल, तर एवढाही शिष्टाचार नाही; हा प्रोग्रॅम या पीसीवर चालणारच नाही, असं सरळ सांगून ते मोकळं होतं. फाइल खराब झालेली नसते. तिच्यातला एकेक बाइट १९९० साली होता तसाच असतो. बदललेलं असतं ते तिच्या भोवतीचं सगळं.

ज्यांची डेव्हशी ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हा 'प्लॅटफॉर्म' जातीचा खेळ. पडद्यावर बाजूनं दिसणारी गुहा, तिच्यात विटांचे ओटे, ओट्यांवर हिरे. टोपी घातलेला डेव्ह उड्या मारत हिरे गोळा करतो, चषक उचलतो आणि दारातून बाहेर पडतो. चषक घेतला नसेल तर दार उघडत नाही. आगीत किंवा पाण्यात पडला तर एक जीव गेला. अशा दहा पातळ्या. जॉन रोमेरो या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९८८ साली तो ॲपल टू या संगणकासाठी लिहिला आणि १९९० साली पीसीच्या डॉस या जुन्या यंत्रणेवर आणला. अमेरिकेत तो फार गाजला नाही. भारतातल्या शाळांच्या आणि क्लासच्या संगणकांवर मात्र तो जिथंतिथं पोचला. कारणं अगदी व्यवहाराची होती. एका फ्लॉपीत मावत होता, साउंड कार्ड लागत नव्हतं, हार्ड डिस्क नसली तरी चालत होतं, आणि सीजीए, ईजीए, व्हीजीए या तिन्ही प्रकारच्या पडद्यांसाठीची चित्रं त्याच छोट्या फाइलीत भरलेली होती. सर पाठमोरे झाले की एका मिनिटात सुरू करता येत होता, हेही एक कारण धरायला हरकत नाही.

फाइल शाबूत आणि खेळ बंद, या प्रकाराचा उलगडा करायला तंजावरइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. इथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजी राजानं १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. लिपी देवनागरी. भाषा जुन्या वळणाची असली, तरी आजचा कोणीही मराठी माणूस भिंतीपुढं उभा राहून अक्षर लावू शकतो. त्याच शहरातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीच्या कारभाराची दप्तरं आहेत, ती मोडी लिपीत. शाई टिकलेली, कागद टिकलेला, पण तमिळ येणाऱ्याला ती वाचता येत नाहीत आणि मराठी येणाऱ्यांपैकीही बहुतेकांना येत नाहीत. मजकूर हरवलेला नाही, वाचणारा हरवलेला आहे. यावर दोन इलाज. मोडी वाचणारा माणूस तयार करायचा, किंवा एकदाच कोणीतरी बसून मजकूर चालू भाषेत उतरवून काढायचा. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानं यातल्या काही कागदांची तमिळ भाषांतरं प्रसिद्ध केली, तो दुसरा इलाज.

खेळालाही हेच दोन इलाज आहेत. जुन्या यंत्रासारखं वागणारा एक प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवायचा आणि खेळाची मूळ फाइल त्याच्या हाती द्यायची. याला 'एम्युलेटर' म्हणतात. किंवा खेळच नव्या यंत्राच्या भाषेत पुन्हा लिहायचा. याला 'पोर्ट' म्हणतात. पहिल्यात मूळ खेळाला धक्का लागत नाही, पण दुभाष्या कायमचा बाळगावा लागतो. दुसऱ्यात दुभाष्याची गरज संपते, पण भाषांतर करणाऱ्याच्या हातून काय निसटलं हे तपासत बसावं लागतं.

आधी नकाराचं कारण पाहू.

डॉसचे खेळ इंटेलच्या ८०८६ या १९७८ सालच्या चिपच्या पद्धतीनं लिहिलेले असत. त्या चिपला एका वेळी १६ बिटांचा आकडा हाताळता येई आणि तिची स्मृती होती एकूण एक मेगाबाइट. त्यातले पहिले ६४० किलोबाइट प्रोग्रॅमला मोकळे, त्यापुढचा पहिला टापू पडद्याचा. पहारेकरी कोणी नाही. प्रोग्रॅम वाटेल तिथं लिहू शके, कुठल्याही भागाला थेट हुकूम सोडू शके. १९८५ साली आलेल्या ८०३८६ नं एक चतुराई केली. चिपच्या आत ८०८६ चा आभास निर्माण करणारी एक स्वतंत्र पद्धत ठेवली, त्यामुळे विंडोज चालू असतानाच एका चौकटीत डॉसचा खेळ चालवता येऊ लागला. पुढची वीस वर्षं या सोयीवर निघाली. मग ६४-बिटांच्या चिप आल्या. चिप ६४-बिटांच्या पद्धतीत गेली की ही आभासाची सोय तिथं मिळत नाही. मायक्रोसॉफ्टनं ६४-बिटांच्या विंडोजमधून डॉसचा आधार काढून टाकला, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटांचंच आलं.

गंमत अशी की तुमच्या घरातला इंटेलचा किंवा एएमडीचा संगणक बटण दाबल्यावर पहिला क्षणभर अजूनही त्या जुन्या १६-बिटांच्या पद्धतीतच जागा होतो. लगेच नव्या पद्धतीत उडी मारतो, म्हणून आपल्याला ते कळत नाही. म्हणजे चिपला डेव्ह कळतो. तिच्यावर बसलेल्या कारभाऱ्याला तो चालत नाही.

'डॉसबॉक्स' हा एम्युलेटर २००२ पासून उपलब्ध आहे. मोफत आहे आणि त्याचा सोर्स खुला आहे. तो चिपच्या कृपेवर अवलंबून राहत नाही. चिप, स्मृती, व्हिडिओ कार्ड, साउंड कार्ड, कीबोर्ड, घड्याळ हे सगळं तो सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. खेळाच्या फाइलीतला एक हुकूम उचलायचा, जुन्या चिपनं त्याचं काय केलं असतं ते पाहायचं, आणि स्वतःकडच्या हिशेबाच्या वहीत तेवढा बदल करायचा. खेळानं ६४० किलोबाइटच्या पलीकडं काही लिहिलं की ते पडद्यासाठी आहे हे त्यानं ओळखायचं. व्हीजीएचा प्रसिद्ध पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा, दर ठिपक्याला एक बाइट, म्हणजे ६४ हजार बाइट. तेवढे बाइट घेऊन आजच्या विंडोजला किंवा लिनक्सला एक चित्र म्हणून द्यायचे. खेळाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही की आपण १९९० साली नाही.

हे वाचताना सोपं वाटतं. अडचण पुढं आहे, आणि तीच या विषयातली खरी मजा. खेळाचा मोठा भाग फाइलीत लिहिलेलाच नव्हता. तो यंत्रात होता.

उदाहरणार्थ वेळ. १९८१ च्या आयबीएम पीसीची चिप ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. त्या काळच्या कित्येक प्रोग्रॅमरांनी घड्याळ बघितलंच नाही. एका पावलानंतर दुसरं पाऊल टाकायच्या आधी थोडं थांबायचं, तर चिपला उगाच हजार वेळा गिरक्या मारायला लावायच्या. यंत्र एकाच वेगाचं, म्हणून थांबणंही नेमकं. पुढं दुप्पट वेगाची चिप आली आणि खेळातला राक्षस दुप्पट वेगानं धावू लागला. यावर तोडगा म्हणून कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण आलं. नावावरून वाटेल वेग वाढवणारं, पण त्याचा खरा उपयोग जुन्या प्रोग्रॅमांसाठी यंत्राला मुद्दाम मंद करणं हा होता.

काहींनी शहाणपणा दाखवून यंत्राचा वेग आधी मोजायचं ठरवलं. टर्बो पास्कल ही आपल्याकडच्या अभ्यासक्रमांतही शिकवली गेलेली भाषा. तिच्यात थांबण्यासाठी तयार सोय होती. पीसीतलं घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देतं, म्हणजे एक ठोका ५५ मिलिसेकंदांचा. प्रोग्रॅम सुरू होताना एका ठोक्यात किती गिरक्या होतात हे मोजायचं, त्याला ५५ नं भागायचं, आणि आलेला आकडा १६ बिटांच्या जागेत ठेवायचा. त्या जागेत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ६५,५३५. यंत्र ५५ मिलिसेकंदांत सुमारे ३६ लाखांहून जास्त गिरक्या मारू लागलं की भागाकार तिथं मावत नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी पेंटियम टू च्या काळात यंत्रं त्या वेगाला पोचली, आणि एकेकाळी नीट चालणारे प्रोग्रॅम सुरू होता होताच 'रनटाइम एरर २००' म्हणून मरू लागले. त्या संदेशाचा अर्थ 'शून्यानं भागाकार'. शून्यानं कोणी भागलं नव्हतं. चिपच्या लेखी न मावणारा भागाकार आणि शून्यानं केलेला भागाकार हा एकच गुन्हा होता.

म्हणून डॉसबॉक्समध्ये वेग आवळण्याची सोय आहे. त्याच्या भाषेत 'सायकल्स'. दर मिलिसेकंदाला जुन्या चिपचे किती हुकूम पाळायचे तो आकडा. अशा जुन्या खेळांसाठी तो ३००० धरतो. कंट्रोल आणि एफ-अकरा दाबलं की कमी होतो, कंट्रोल आणि एफ-बारा दाबलं की वाढतो. डेव्ह पळतो की रांगतो, हे डोळ्यांनी बघत आकडा लावायचा. ज्यानं मूळ वेग पाहिलेला आहे त्याची आठवण हीच इथली मोजपट्टी, आणि आठवण हे फार भरवशाचं घड्याळ नाही.

पडद्याचंही तसंच. ३२० बाय २०० ठिपके ज्या काचेच्या मॉनिटरवर दिसत, त्याची रुंदी-उंची ४ ला ३ अशी असे. म्हणजे दर ठिपका चौरस नव्हता, रुंदीच्या १.२ पट उंच होता. चित्र काढणाऱ्यानं ते गृहीत धरूनच डेव्ह काढला. आजच्या सपाट पडद्यावर ठिपके चौरस असतात, त्यामुळे दुरुस्ती केली नाही तर डेव्ह बुटका आणि फताडा दिसतो. इंटरनेटवर जुन्या खेळांची जी चित्रं फिरतात त्यांतली कितीतरी अशी दबलेली आहेत, आणि नव्या मुलांना तेच मूळ वाटतं. शिवाय व्हीजीए या पद्धतीत सेकंदाला ७० वेळा चित्र बदलत असे. लॅपटॉपचा पडदा बहुधा ६० वेळा बदलतो. सत्तर चित्रं साठ जागांत बसवायची म्हटलं की दर सेकंदाला दहा गळणार. संथपणे सरकणारं दृश्य त्यामुळे मधूनच अडखळतं. तुमचा लॅपटॉप मंद आहे म्हणून नव्हे.

आवाज हा डब्यातल्या छोट्या स्पीकरचा. एका वेळी एकच सूर, घड्याळाच्या चिपनं थेट हलवलेला. आजच्या लॅपटॉपमध्ये तो स्पीकर नसतो, म्हणून एम्युलेटर त्याचीही नक्कल करतो. कीबोर्डबद्दल मात्र कोणी सांगत नाही. लॅपटॉपच्या स्वस्त कीबोर्डांत तारांची जाळी अशी असते की काही तीन कळा एकदम दाबल्या तर तिसरी पोचतच नाही. डेव्हला उजवीकडं पळत, उडी मारत गोळी झाडायची असते. नेमकी तीच गोळी सुटत नाही आणि आपण एम्युलेटरला शिव्या देतो. बाहेरचा दुसरा कीबोर्ड लावून पाहा. एम्युलेटरची प्रत्येक सेटिंग उलटसुलट करण्याआधी हे करावं, असा माझा आग्रह आहे.

यंत्रातला खेळ म्हणजे काय, याचा सगळ्यात नामी नमुना डेव्हच्याच घरात घडला. मूळ डेव्हमध्ये दृश्य सरकत नाही. डेव्ह कडेला पोचला की पडदा टप्प्यानं पुढं ढकलला जातो. कारण पीसीला सलग सरकणारं दृश्य झेपत नाही, असाच तेव्हा समज होता. निन्टेन्डोचा मारिओ मात्र लोण्यावरून घसरल्यासारखा पुढं जाई, कारण त्याच्या यंत्रात त्यासाठी खास चिप होती. सप्टेंबर १९९० मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट गावी, सॉफ्टडिस्क कंपनीत, रोमेरोचा सहकारी जॉन कारमॅक यानं यावर उपाय शोधला. ईजीए कार्डाच्या स्मृतीत पडद्याला लागतं त्याहून जास्त जागा होती आणि कुठल्या बाइटपासून दाखवायला सुरुवात करायची हे सांगणारी एक नोंद होती. पडद्याहून थोडं मोठं चित्र काढून ठेवायचं आणि दर वेळी ते सगळं पुन्हा न काढता फक्त ती सुरुवात सरकवायची. आणि ज्या चौकटी खरोखर बदलल्या तेवढ्याच रंगवायच्या. तिथलाच टॉम हॉल आणि कारमॅक यांनी एका रात्रीत 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' ची पहिली पातळी पीसीवर हुबेहूब उभी केली, मारिओच्या जागी डेव्ह घातला आणि डिस्क रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. नाव ठेवलं 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. विनोदही तोच आणि कबुलीही तीच. निन्टेन्डोला पुढं पूर्ण नमुना दाखवला गेला. त्यांना पीसीत रस नव्हता. मग त्याच युक्तीवर १४ डिसेंबर १९९० ला 'कमांडर कीन' आला, आणि पुढच्या फेब्रुवारीत या मंडळींनी इड सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. 'डूम' हा खेळही याच घरातला.

आता या युक्तीकडं एम्युलेटर लिहिणाऱ्याच्या नजरेनं पाहा. कीनचं सरकणं हे कीनच्या फाइलीत नाही. ते ईजीए कार्डाच्या एका नोंदीत आहे, आणि ती नोंद कार्ड नेमकं कोणत्या क्षणी वाचतं यात आहे. खऱ्या कार्डांतही कंपनीगणिक फरक होते. म्हणून कीनच्या पुढच्या भागांत झटके मारणारं दृश्य सुधारण्यासाठी आणि सुपर व्हीजीए कार्डांशी जुळवून घेण्यासाठी खास पर्याय द्यावे लागले होते. एम्युलेटरला कार्डाचे गुण तर घ्यावे लागतातच, खोडीही घ्याव्या लागतात.

हा प्रश्न आपल्याकडं आणखी एका वाटेनं येतो. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत संगणकाआधी 'व्हिडिओ गेम' आला. टीव्हीला जोडायचा डबा, पिवळी किंवा काळी कॅसेट, कॅसेटवर हजारो खेळांचा दावा आणि आत तेच दहा-वीस खेळ उलटसुलट. हे डबे बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या. मूळ जपानी आणि अमेरिकी यंत्र सेकंदाला ६० चित्रं देई. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. त्या टीव्हींसाठी बनवलेल्या नकला ५० नं चालत आणि मारिओसारखा खेळ आपलं प्रत्येक पाऊल चित्रागणिक मोजत असे. म्हणजे अमेरिकी मुलाला ६० सेकंदांत पार होणारा टप्पा अशा डब्यावर ७२ सेकंदांचा झाला. संगीताचा सूर जवळजवळ तोच, लय मात्र विलंबित.

आज एम्युलेटर उघडला की मारिओ ६० नं धावतो, आणि तशा डब्यावर हात बसलेल्या माणसाच्या उड्या चुकतात. हात म्हातारे झाले असं त्याला वाटतं. खरं तर त्याच्या हातांना शिकवलेला खेळच वेगळा होता. चांगल्या एम्युलेटरांत याचीही व्यवस्था आहे. रशियात अशा नकली यंत्राचं नाव 'डेंडी' होतं. 'मेसेन' या एम्युलेटरमध्ये प्रदेश निवडताना 'डेंडी' निवडलं की ५० चित्रांचा तो जुना संथ मारिओ परत मिळतो. मूळ कोणतं, असं विचाराल तर माझं मत साफ आहे. क्योटोतल्या प्रोग्रॅमरनं योजलेला खेळ ६० चाच. पण एका पिढीनं खेळलेला खेळ ५० चा होता, आणि तोही जपून ठेवायच्या लायकीचा आहे.

दुसरा इलाज पोर्टचा. त्यासाठी मूळ सोर्स कोड हातात असेल तर बरं, आणि तो बहुधा नसतो. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जॉर्डन मेकनरचा खेळ १९८९ मध्ये ॲपल टू वर आला. मेकनरनं धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली उतरवल्या होत्या. सोर्स कोड हरवला असं तो अनेक वर्षं धरून चालला होता. मग त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्यांचं खोकं सापडलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये जाणकारांना बसवून त्या वीसेक वर्षांच्या फ्लॉप्या वाचल्या गेल्या आणि मेकनरनं कोड सगळ्यांसाठी खुला केला. तो मिळाल्यानं प्रत्येकाचा खेळ चालू लागला असं मात्र नाही. तो ॲपलच्या ६५०२ चिपच्या असेंब्ली भाषेत होता. आपल्याकडच्या मुलांनी खेळला तो डॉसचा प्रिन्स. सुरू करताना 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप केलं की चोरवाटा उघडायच्या, तो. त्यासाठी हौशी मंडळींनी डॉसच्या फाइलीचा एकेक हुकूम उलगडून सी भाषेत पुन्हा लिहिला. 'एसडीएलपॉप' नावाचा हा पोर्ट आजच्या विंडोजवर आणि लिनक्सवर एम्युलेटरशिवाय चालतो. मूळ खेळातल्या चुकासुद्धा त्यात जशाच्या तशा आहेत. दुरुस्त हव्या असतील तर पर्याय निवडायचा. भाषांतरकारानं इतकी अदब क्वचितच दाखवली असेल.

तिसरीही वाट आहे, पण ती खिशाला जड. आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या एफपीजीए नावाच्या चिपवर जुन्या यंत्राचं सर्किटच नव्यानं मांडायचं. 'मिस्टर' नावाचा प्रकल्प २०१७ पासून हे करतो. हौस असेल तर जरूर. डेव्हसाठी गरज नाही.

तर आपल्या तंजावरच्या मुलानं करायचं काय? त्याच्या बॉस लिनक्सची घडण सी-डॅकनं डेबियनवर केली आहे, आणि डेबियनच्या भांडारात डॉसबॉक्स तयार ठेवलेलं आहे. विंडोजवर ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. खेळाची फाइल एका फोल्डरमध्ये ठेवायची. डॉसबॉक्स उघडून 'माउंट' या हुकमानं तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडायचा, सी कडं जायचं आणि फाइलीचं नाव टाइप करून एंटर मारायचं. खेळ पडद्यावर आला की रुंदी-उंचीची दुरुस्ती चालू करायची आणि मग वेग लावायचा. काहीच उतरवायचं नसेल तर इंटरनेट आर्काइव्हनं जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे दोन हजारांहून जास्त खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील असे मांडले. तिथंही आत डॉसबॉक्सच आहे.

कायद्याचं एक टोक मात्र सांभाळायला हवं. खेळ जुना झाला म्हणून फुकट होत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो, आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९९० चे लेखक तर हयात आहेत. रीतसर आपल्या मालकीच्या प्रतीची बॅकअप प्रत काढायला त्याच कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. बाजारातून 'फुल व्हर्जन' उचलायला देत नाही. कमांडर कीन आजही स्टीमवर विकत मिळतो, आणि त्या पॅकेटात दुसरं काही नसतं. जुनी फाइल आणि डॉसबॉक्स.

सोनीनं साडेतीन इंची फ्लॉपी विकणं मार्च २०११ मध्ये थांबवलं, म्हणजे तमिळनाडूत लॅपटॉप वाटायला लागायच्या सहा महिने आधी. तुमच्या माळ्यावर जर फ्लॉप्यांचा डबा असेल, तर त्यात डेव्हच असेल असं नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं असतील, क्लासच्या पोरांनी लिहिलेला एखादा स्वतःचा खेळ असेल. चुंबकीय थर दमट हवेत उतरत जातो, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका. बुरशी दिसणारी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ती ड्राइव्हही नासवेल. साडेतीन इंची असेल तर लिहिणं रोखणारी खिडकी उघडी करून यूएसबी ड्राइव्हवर वाचा. सव्वापाच इंची असेल तर यूएसबीचा काही उपयोग नाही. जुना ड्राइव्ह आणि 'ग्रीझवीझल'सारखं चुंबकीय खुणा थेट टिपणारं छोटं सर्किट लागेल. एकेक फाइल निवडत बसू नका, पूर्ण फ्लॉपीची प्रतिमा काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सोबत एक टिपण लिहा: हा प्रोग्रॅम कोणत्या यंत्रावर चालायचा, पडदा कसला होता, वेग साधारण किती वाटायचा, कोणत्या कळा लागायच्या. फाइल तुमच्यानंतरही कोणीतरी उघडेल; यंत्राबद्दल सांगू शकणारे मात्र आता तुम्हीच आहात.